तातियाना मॅस्लानी: रिजायनाच्या रंगमंचापासून ‘ऑर्फन ब्लॅक’पर्यंत, आणि कॅनडातल्या तरुण नटीची वाट

तिसरी_घंटा

कॅनडातल्या तरुण नटीची कारकीर्द कशी घडते, हे एका उदाहरणातून नीट दिसावं म्हणून हा धागा. उदाहरण तातियाना मॅस्लानीचं. तिचं नाव निघालं की चर्चा मार्व्हलच्या ‘शी-हल्क’ मालिकेवर थांबते, आणि आधीची पंधरा-वीस वर्षं कोणी बघत नाही.

जन्म २२ सप्टेंबर १९८५, सॅस्कॅचेवान प्रांतातल्या रिजायना गावी. हे टोरोंटो किंवा व्हँकुव्हरसारखं चित्रीकरणाचं केंद्र नाही. नऊ वर्षांची असल्यापासून ती हौशी रंगभूमीवर आणि संगीतिकांमधून कामं करत होती. शाळेच्या वयात इम्प्रोव्हचं, म्हणजे संहितेशिवाय जागच्या जागी प्रसंग उभा करण्याचं वेड लागलं. ‘जनरल फूल्स’ या रिजायनाच्या गटात ती कितीतरी वर्षं होती. पडद्यावरची सुरुवात ‘२०३० सी.ई.’ या मुलांच्या मालिकेतून. २००४ मध्ये ‘जिंजर स्नॅप्स २’ हा चित्रपट, पुढे ‘हार्टलँड’ मालिकेत किट. ‘ग्रोन अप मूव्ही स्टार’ या न्यूफाउंडलंडमधल्या चित्रपटासाठी २०१० साली सनडान्स या अमेरिकन चित्रपट महोत्सवात खास परीक्षक पुरस्कार मिळाला. ‘ऑर्फन ब्लॅक’ ही एकाच चेहऱ्याच्या क्लोन बायकांची मालिका, आणि त्या सगळ्या क्लोन मॅस्लानीच करते. ती ३० मार्च २०१३ ला सुरू झाली तेव्हा मॅस्लानी सत्तावीस वर्षांची होती आणि कॅमेऱ्यासमोर दहा वर्षांहून जास्त काळ काढलेला होता.

मालिका पाच पर्वं चालली, ५० भाग. २०१३ आणि २०१४ ला एमी या अमेरिकन दूरचित्रवाणी पुरस्काराच्या नामांकनातही मॅस्लानी नव्हती. २०१५ ला नामांकन आलं आणि २०१६ ला नाट्यमय मालिकेतली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून एमी तिला मिळाली. त्यानंतर ती परत रंगमंचावर गेली: २०१८ मध्ये ब्रॉडवेच्या बेलास्को थिएटरात ब्रायन क्रॅन्स्टनबरोबर ‘नेटवर्क’, २०२३ मध्ये लायसियममध्ये लॉरी मेटकाफबरोबर ‘ग्रे हाउस’.

माझं म्हणणं एवढंच: तिचं पडद्यावरचं सगळ्यात अवघड काम तालमीच्या शिस्तीवर उभं आहे, आणि ते काम तिला मिळालं त्यात कॅनडाच्या निर्मितीव्यवस्थेचाही वाटा आहे. दोन्ही बाजूंवर जाणकारांनी लिहावं.

---

सुमेधा_ठाणे

छान धागा. एकाच चौकटीत तीन-चार क्लोन, तेही कॅमेरा फिरत असताना, हे नेमकं कसं करायचे? आपल्याकडे डबल रोलमध्ये कॅमेरा स्थिर ठेवतात आणि पडद्याचे दोन भाग करतात, इतपत माहीत आहे.

---

क्रेनवाला

साध्या शॉटला तेही तसंच करत. कॅमेरा तिपाईवर घट्ट, मधून अदृश्य रेघ, ती कोणी ओलांडायची नाही. पण दर भागात तेच दाखवलं तर प्रेक्षक रेघ शोधायला लागतात. म्हणून महत्त्वाच्या प्रसंगांसाठी त्यांनी टेक्नोडॉली वापरली. हा संगणकावर चालणारा कॅमेऱ्याचा हात आहे. एकदा केलेली हालचाल तो लक्षात ठेवतो आणि हवी तितक्या वेळा हुबेहूब परत करतो. मांडायला इतका वेळ खायचा की युनिटने त्याचं नाव ‘टाइम व्हँपायर’ ठेवलं होतं.

क्रम असा.

आधी तालीम. मॅस्लानीबरोबर कॅथरिन अलेक्झांडर ही दुसरी कॅनेडियन अभिनेत्री असायची. ती नुसती उभी राहणारी डमी नव्हती. दोन्ही भूमिकांचे संवाद आणि लकबी ती पाठ करायची. तालमीत दोघी एकदा अशा, एकदा उलट असा प्रसंग करून बघायच्या.

मग ठरवायचं की आधी कोणता क्लोन चित्रित करायचा. ज्याच्या हातात प्रसंगाची सूत्रं आहेत, जो आधी उठतो, आधी वळतो, आधी चिडतो, तो पहिला. दुसऱ्या फेरीतल्या भूमिकेला पहिल्या फेरीच्या लयीत बसावं लागतं, पहिलीला कशाचंच बंधन नसतं.

सेरा आणि ॲलिसन या दोन क्लोनचा प्रसंग धरू. पहिली फेरी: मॅस्लानी सेरा, कॅथरिन ॲलिसन. दोन-चार टेकनंतर दिग्दर्शकाला जागेवरच एक टेक पक्का निवडावा लागतो, कारण पुढचं सगळं त्यावर चढणार असतं. ‘संकलनात बघू’ ही सोय इथे नाही.

मग वेशभूषा, केस, रंगभूषा बदलायची. यात तास-दीड तास सहज जातो. तेवढ्या वेळात सेटवरची एक वस्तूही हलता कामा नये.

दुसरी फेरी: मॅस्लानी ॲलिसन. कॅमेऱ्याची तीच हालचाल. पहिल्या फेरीचा आवाज तिच्या कानातल्या बारीक इअरपीसमध्ये. कॅथरिन कधी समोर असते, कधी तिला बाजूला काढून स्टँडवर टेनिसचा चेंडू लावतात, नजर कुठे ठेवायची ते कळावं म्हणून. चेंडू कोणत्या उंचीवर हे पहिल्या फेरीत मोजून ठेवलेलं असतं.

शेवटी रिकाम्या सेटची फेरी, कोणीही नसताना, तीच हालचाल. जिथे कॅथरिनला पुसायचं तिथे मागची भिंत कुठून आणणार? ती या फेरीतून.

एवढं झालं की माल ‘इंटेलिजंट क्रीचर्स’ या टोरोंटोतल्या दृश्यपरिणाम कंपनीकडे.

---

आशुतोष_र

यात काय बिघडतं तेही सांगा. तोच भाग सहसा कोणी लिहीत नाही.

---

क्रेनवाला

सगळ्यात जास्त छळते ती सावली. क्लोन अ च्या हाताची सावली ब च्या खांद्यावर पडायला हवी, पण दोघी वेगवेगळ्या वेळी उभ्या आहेत. कॅथरिन समोर असली की निदान खरी सावली मिळते. चेंडू लावला की सावली नंतर रंगवावी लागते.

दुसरं खिडकीतलं ऊन. दोन फेऱ्यांत दोन तासांचं अंतर पडलं तर भिंतीवरचा उजेड सरकतो आणि जोड दिसतो. म्हणून असे प्रसंग बहुधा स्टुडिओत, खिडकीबाहेर दिवे लावून करायचे.

तिसरं स्पर्श. मिठी मारणं, ग्लास देणं, केस ओढणं. तिथे रेघ चालत नाही. शरीर कॅथरिनचं ठेवून चेहरा मॅस्लानीचा बसवतात, किंवा हात कॅथरिनचा आणि बाकी मॅस्लानी. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा ती दोन्ही फेऱ्यांत त्याच फ्रेमला त्याच जागी हवी. बोटभर फरक पडला तरी ग्लास हवेत उडी मारतो.

आणि लय. कानात वाजणारं वाक्य तुमच्यासाठी थांबत नाही. तुमचा पॉज अर्धा सेकंद लांबला तर समोरची बाई तुमचं बोलणं तोडते, आणि ती बाई तुम्हीच दोन तासांपूर्वी चित्रित केलेली असते.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात चार क्लोन एकत्र नाचतात. पडद्यावर तो प्रसंग दोन-एक मिनिटांचा आहे, चित्रीकरणाला दोन दिवस लागले. कॅमेरा फिरतोय, चौघी एकमेकींच्या आड येताहेत, आणि प्रत्येकीचं ठेक्याशी नातं वेगळं.

---

तिसरी_घंटा

त्या नाचात अभिनय बघा. चेहऱ्यावर हात धरून नुसती अंगं बघितली तरी कोण कोणती ते कळतं. ॲलिसन बसवलेला नाच करते, उपनगरातल्या नीटनेटक्या बाईसारखा. कोसिमा डोळे मिटून स्वतःत रमते. हेलेनाला ताल कुठून येतो ते तिलाच ठाऊक. प्रत्येक क्लोनसाठी मॅस्लानीने गाण्यांची वेगळी यादी केली होती आणि ती ऐकून ती त्या भूमिकेत जायची. उच्चारांसाठी भाषाप्रशिक्षक होता: सेराची लंडनची बोली, हेलेनाची युक्रेनी वळणाची इंग्रजी.

सगळ्यात कठीण म्हणजे क्लोनने क्लोनचं सोंग घेणं. सेरा ॲलिसन बनून वावरते तेव्हा मॅस्लानी ॲलिसन करत नाही. ॲलिसनची नक्कल करणारी सेरा करते. हनुवटी ॲलिसनची, पण खांद्यात सेराचा ताण, आणि कोणी बघत नसताना अर्धा क्षण पाय फाकवून उभी राहते. हे काम इम्प्रोव्हवाल्या नटीचं आहे. संहितेत फक्त ‘सेरा, ॲलिसनच्या वेशात’ एवढंच लिहिलेलं असतं.

---

वृंदा_देव

क्रेनवाला यांच्या लयीच्या मुद्द्याला जोडून. हे कौशल्य पडद्यावर शिकायला मिळत नाही, ते नाटकात मिळतं. चित्रपटात एक चांगला टेक पुरतो. नाटकात तीच चहाची कपबशी आठवड्याला आठ प्रयोगांत त्याच वाक्यावर खाली ठेवावी लागते, आणि तरी ती आज पहिल्यांदाच ठेवतोय असं वाटायला हवं.

कॅनडात यासाठी दोन मोठ्या शाळा म्हणजे ओंटारिओतले दोन महोत्सव. महोत्सव हा शब्द फसवा आहे, हे चार दिवसांचं संमेलन नव्हे. स्ट्रॅटफर्ड १९५३ साली टायरन गथ्रींच्या दिग्दर्शनाखाली तंबूत सुरू झाला, ॲलेक गिनेस ‘रिचर्ड तिसरा’ होते. आज वसंतापासून शरदापर्यंत हंगाम असतो. नायगारा-ऑन-द-लेक इथला शॉ महोत्सव १९६२ चा. दोन्हीकडे रेपर्टरी पद्धत: एकच नटी हंगामात दोन-तीन नाटकांत असते, दुपारी एक, रात्री दुसरं. शिवाय एखाद्या मोठ्या भूमिकेची अंडरस्टडी, म्हणजे मुख्य नटीच्या जागी उभं राहण्याची तयारी. तरुण नटीला खरा फायदा या अंडरस्टडीत. मोठी भूमिका पाठ होते, हालचाली बसतात, आणि मुख्य नटी आजारी पडली तर काही तासांच्या सूचनेवर उभं राहावं लागतं.

स्ट्रॅटफर्डच्या फेस्टिव्हल थिएटरचा मंच तान्या मॉयसेविच यांनी रचला. प्रेक्षकांत घुसलेला, तीन बाजूंनी लोक. सुमारे १८०० आसनं, पण शेवटची रांगसुद्धा मंचापासून ६५ फुटांच्या आत. इथे नेहमीच्या चौकटीतल्या सवयी नडतात. समोर तोंड करून बोललात तर दोन बाजूंना पाठ. म्हणून सतत थोडं थोडं वळत राहायचं, एका वाक्यात तिरपं चालायचं, आणि पाठ असतानाही वाक्याचं शेवटचं अक्षर पडू द्यायचं नाही. नवी मुलगी हमखास अडखळते ती वाक्याच्या शेपटाशी, कारण कॅमेऱ्यासमोर शेवट गिळला तरी माइक तो पकडतो.

मॅस्लानी स्ट्रॅटफर्डमधून आलेली नाही, हेही सांगायला हवं. तिचं नाटक रिजायनाच्या गावपातळीवरचं. म्हणजे संस्थेचा शिक्का लागतोच असं नाही, पण प्रेक्षकांसमोर घालवलेले तास लागतात.

---

ओंटारिओकर

आता व्यवस्थेची बाजू, कारण तिच्याशिवाय हे कोडं सुटत नाही.

टोरोंटो आणि व्हँकुव्हरमध्ये अमेरिकन निर्मात्यांची कामं भरपूर चालतात. टोरोंटो न्यूयॉर्क म्हणून खपतं. पण त्यांत मुख्य नट लॉस एंजेलिसहून येतात. स्थानिकांना मिळते परिचारिका, पोलीस, स्वागतिका, एक-दोन दिवसांचं काम. पैसे बरे, पण दहा वर्षं तेच केलं तर दाखवायला कामाच्या तुकड्यांचं रीळ होतं, भूमिका होत नाही.

कॅनेडियन म्हणून प्रमाणित होणाऱ्या निर्मितीचं गणित वेगळं. कॅव्हको ही केंद्र सरकारची यंत्रणा करसवलतीसाठी दहापैकी गुण मोजते. दिग्दर्शक २, लेखक २, पहिला मुख्य कलाकार १, दुसरा मुख्य कलाकार १, कलादिग्दर्शक १, छायालेखक १, संगीतकार १, संकलक १. किमान ६ हवेत. त्यावर दोन अटी: दिग्दर्शक किंवा लेखक यांपैकी एक कॅनेडियन असलाच पाहिजे, आणि सर्वाधिक मानधनाच्या दोन मुख्य कलाकारांपैकी एक कॅनेडियन असलाच पाहिजे. या दुसऱ्या अटीमुळे निर्मात्याला स्थानिक नायिका शोधावीच लागते. ‘ऑर्फन ब्लॅक’ टोरोंटोच्या टेम्पल स्ट्रीटची निर्मिती, स्पेस आणि बीबीसी अमेरिका या वाहिन्यांसाठी. फारशी प्रसिद्ध नसलेली सत्तावीस वर्षांची मुलगी संपूर्ण मालिकेचा भार उचलते, असा जुगार हॉलिवूडची मोठी वाहिनी क्वचित खेळली असती.

तरुण नटीला माझा सल्ला: अमेरिकन कामं भाड्यासाठी घ्या. कॅनेडियन छोट्या चित्रपटातली मोठी भूमिका कधी सोडू नका. मॅस्लानीला सनडान्सपर्यंत नेलं ते अशाच चित्रपटाने.

---

मिसिसागाची_आई

आमची मराठी घरातली सोळा वर्षांची मुलगी, टोरोंटोशेजारच्या मिसिसागात शाळेची नाटकं करते. पुढे काय करावं, क्रमाने सांगाल का? एजंट, युनियन, ऑडिशन यांत कशाआधी काय?

---

ओंटारिओकर

ताई, क्रमाने लिहितो.

आधी फोटो. हेडशॉट ८ बाय १० इंच, खांद्यापासून वर, साधा रंगीत कपडा, मेकअप जवळपास नाही. दागिने, नक्षीदार कुडता, गॉगल नको. फोटोतली मुलगी आणि दारातून आत येणारी मुलगी एकच वाटली पाहिजे. मागे एका पानाचा बायोडेटा: उंची, आवाजाची पट्टी, शाळेची आणि हौशी नाटकं भूमिकेच्या नावासह, प्रशिक्षण, भाषा. मराठी जरूर लिहा, आणि अस्खलित असेल तरच ‘अस्खलित’ लिहा. कथक, पेटी, सायकल, पोहणं, जे खरंच येतं ते. खोटं कौशल्य सेटवर पहिल्या दिवशी उघडं पडतं.

मग एजंट. तो झालेल्या कामाच्या मानधनातून टक्केवारी घेतो, साधारण दहा ते पंधरा. नोंदणीचे पैसे, त्याच्याच स्टुडिओत सक्तीचे फोटो, त्याच्याच वर्गाची फी असं आधी मागितलं तर तिथून निघा. चांगला एजंट तुमच्या मुलीसारखी दिसणारी, त्याच वयाची दुसरी मुलगी आपल्याकडे आहे का ते स्वतःच सांगतो.

युनियन शेवटी. पडद्याची ॲक्ट्रा, इंग्रजी रंगभूमीची कॅनेडियन ॲक्टर्स इक्विटी, फ्रेंचमध्ये काम असेल तर युनियन दे आर्तिस्त. ब्रिटिश कोलंबियात ॲक्ट्राची शाखा यूबीसीपी. युनियनचं काम मिळालं की अप्रेंटिस म्हणून दार उघडतं, पुढची क्रेडिट साठली की पूर्ण सभासदत्व. पूर्ण सभासद झालं की युनियनबाहेरची कामं बंद. म्हणून सोळाव्या वर्षी घाई नको. आधी विद्यार्थ्यांचे लघुपट, हौशी नाटकं करून घ्या.

करारात भूमिकेचा प्रकार बघा. ॲक्ट्राच्या मुख्य करारात सहा किंवा जास्त ओळी बोलणारी ‘प्रिन्सिपल’, पाच किंवा कमी ओळींची ‘ॲक्टर’, आणि गर्दीतली ‘बॅकग्राउंड’. मानधनात मोठा फरक आहे. चित्रीकरणाच्या वेळी सहावी ओळ वाढवली तर वर्ग बदलतो. ती ओळ कोणी, कधी दिली ते त्याच दिवशी लिहून ठेवा. दिवस आठ तासांचा, जेवणाची सुट्टी सोडून. पुढे जादा दर. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या हजेरीपर्यंत ११ तासांची विश्रांती.

ओंटारिओत मुलांसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे: कामाच्या तासांवर मर्यादा, सोळाखालच्या मुलाबरोबर पालक किंवा जबाबदार माणूस, शाळा बुडत असेल तर शिकवणीची सोय, आणि कमाई ठरावीक रकमेपुढे गेली की तिच्यातला २५ टक्के वाटा मुलाच्या नावाने ट्रस्टमध्ये. हा हिशोब आपणही ठेवावा.

---

सुमेधा_ठाणे

आणि सेल्फ-टेप, म्हणजे घरीच चित्रित करून पाठवायची ऑडिशन? हल्ली पहिली फेरी सगळी घरून असते ना?

---

वृंदा_देव

हो, पहिली फेरी बहुतेक तशीच. फोन आडवा, छातीपासून डोक्यावर चार बोटं जागा सोडून. मागे राखाडी किंवा निळं कापड, इस्त्री केलेलं. दोन मऊ दिवे, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत, आणि नटी कापडापासून तीन-चार फूट पुढे, म्हणजे सावली कापडावर पडत नाही. समोरचे संवाद वाचणारा लेन्सच्या अगदी शेजारी, तिच्याच उंचीवर. तो हळू आणि सपाट वाचू दे. तो माइकच्या जवळ असतो, म्हणून त्याचा आवाज तिच्यापेक्षा मोठा येतो, आणि टेप वाया जाण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. डोळे लेन्समध्ये घालायचे नाहीत, लेन्सच्या कडेला.

सुरुवातीला किंवा शेवटी, जिथे मागितलं असेल तिथे, नाव, उंची, शहर, एजंट. दोन टेक मागितले तर दोनच, आणि खरंच वेगळे. फाइलला नाव सूचनेबरहुकूम. नाटकवाल्या मुली इथे आवाज चढवतात. खोलीत पलीकडे बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढाच ठेवा.

---

आशुतोष_र

याच मिसिसागाची मैत्रेयी रामकृष्णन आठवली. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबातली, जन्म डिसेंबर २००१. शाळेच्या नाटकांपलीकडे व्यावसायिक अनुभव शून्य. २०१९ मध्ये अमेरिकन अभिनेत्री-निर्माती मिंडी केलिंगने खुली निवड जाहीर केली, सुमारे १५,००० अर्ज आले, आणि ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ मालिकेतली नायिका देवी ही भूमिका मैत्रेयीला मिळाली. चार पर्वं, २०२० ते २०२३. मग मॅस्लानीची लांब वाट कशाला, असं कोणी विचारेल.

---

ओंटारिओकर

विचारणं साहजिक आहे. पण १५,००० मधल्या बाकीच्यांचं काय झालं तेही विचारावं लागेल. खुली निवड क्वचित निघते, आणि तिच्यावर आखणी करता येत नाही. टेप मात्र नक्की पाठवावी, खर्च शून्य. मैत्रेयीच्या यशाने आपल्या घरांसाठी एक गोष्ट बदलली: दक्षिण आशियाई मुलगी म्हणजे नायिकेची मैत्रीण, हा शिरस्ता मोडला. पुढे पिक्सारच्या ‘टर्निंग रेड’मध्ये, जो टोरोंटोतच घडतो, प्रियाचा आवाज तिचा.

---

मिसिसागाची_आई

आभार. शिक्षण घ्यायचं तर कुठे? आणि अमेरिकेत काम मिळालं तर सरळ जाता येतं का?

---

वृंदा_देव

माँट्रियलची नॅशनल थिएटर स्कूल, १९६० पासून. इंग्रजी अभिनयाच्या वर्गात मोजकीच मुलं, अभिनेत्री सँड्रा ओ तिथलीच. टोरोंटोत यॉर्क आणि टोरोंटो मेट्रोपॉलिटन, ओकव्हिलला शेरिडन, विशेषतः संगीतिकांसाठी. ‘कम फ्रॉम अवे’ या संगीतिकेची सुरुवातीची घडण शेरिडनमध्येच झाली. व्हँकुव्हरला लँगारा कॉलेजचं स्टुडिओ ५८. ऑडिशनला सहसा दोन स्वगतं लागतात, एक अभिजात, एक आधुनिक, प्रत्येकी दोन मिनिटांच्या आसपास. सोळा वर्षांच्या मुलीने लेडी मॅकबेथ निवडू नये. स्वतःच्या वयाची, काहीतरी मागणारी पात्रं घ्या: शेक्सपिअरच्या व्हायोला, हेलेना, ज्युलिएट. स्वगत कोणाला उद्देशून आहे ते ठरवून त्या माणसाला भिंतीवर एका जागी ठेवा. परीक्षकांच्या डोळ्यांत बघत बोलू नका.

---

ओंटारिओकर

अमेरिकेचं: कॅनेडियन व्यावसायिकांना सोपा असलेला टीएन परवाना नटांना लागू नाही, त्या यादीत अभिनय नाही. बहुतेक ओ-१बी घेतात, म्हणजे कलेतल्या विशेष कामगिरीवर मिळणारा व्हिसा. त्याला पुरावे लागतात: पुरस्कार, वृत्तपत्रांतली परीक्षणं, मुख्य भूमिकांचे करार, आणि संबंधित युनियनचं सल्लापत्र. चित्रपट-दूरचित्रवाणीसाठी निर्मात्यांच्या संघटनेचंही पत्र. सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत मिळतो. म्हणून पहिल्या नाटकापासून प्रत्येक परीक्षण, प्रत्येक प्रयोगपत्रिका, प्रत्येक करार तारखेसह जपून ठेवा. वर्षांनंतर गोळा करायला गेलं तर छोट्या नाट्यगटांचे कागद सापडत नाहीत.

---

तिसरी_घंटा

ब्रॉडवेच्या ‘नेटवर्क’बद्दल एक राहिलं. दिग्दर्शक इवो व्हान होव्ह यांच्या त्या प्रयोगात मंचावर जिवंत कॅमेरे फिरत होते आणि तीच दृश्यं वर मोठ्या पडद्यावर. एक प्रसंग थिएटरबाहेरच्या रस्त्यावर सुरू व्हायचा, आणि मॅस्लानी नि सहकलाकार टोनी गोल्डविन बोलत बोलत आत मंचावर यायचे. म्हणजे एकाच वाक्यात आधी लेन्सपुरता आवाज आणि मग थेट शेवटच्या रांगेपर्यंत.

ज्यांना ‘ऑर्फन ब्लॅक’ नव्याने बघायची आहे त्यांनी पहिल्या पर्वापासून सुरू करावी, आणि ॲलिसनच्या घरातले प्रसंग दोनदा बघावेत: पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा कोण आधी वळतं त्यावरून कोणती फेरी पहिली झाली असेल ते ओळखण्यासाठी.